घरातल्या आजारपणावर कोलाज करताय?

डिस्चार्ज कार्ड, जुने फोटो मूळचे चिकटवू नका. ६०० डीपीआयवर (स्कॅन किती बारकाईनं व्हावा, ती सेटिंग) स्कॅन करून लेझर प्रिंट काढा. इंकजेटची शाई ओल्या फेविकॉलनं पसरते. औषधांची थर्मल बिलं (शाईऐवजी उष्णतेनं छापलेली) सगळ्यात आधी स्कॅन करा, ती आपोआप फिकी पडतात.

ज्यांचा, समजा काकूंचा, आजार मांडताय, त्यांना त्या बऱ्या असताना विचारा, प्रदर्शनाआधी पुन्हा विचारा. काकांनी ‘चालेल’ म्हटलं, एवढ्यावर (असं बऱ्याचदा होतं) भागवू नका. नाव प्रिंटवर मार्करनं खोडलं तरी तिरप्या उजेडात टोनर (लेझर प्रिंटची पावडर-शाई) चमकतो आणि वाचता येतं, स्कॅनमध्येच पुसा.

फेविकॉलमध्ये थोडंसंच पाणी घाला, थर पातळ द्या, रात्रभर वजनाखाली ठेवा. नाहीतर कागदाला फुगे येतात. गोळ्यांच्या स्ट्रिप रिकाम्याच लावा. त्यांच्या फॉइलवर फेविकॉल धरत नाही, दोऱ्यानं शिवा.