कयाक सजवायची, पण कर्ज काढून नव्हे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर बसायची, तीन मीटरची कयाक तुम्ही वापरलेली घेतली. तिच्यावर फिश फाइंडर (पाण्याची खोली आणि मासे पडद्यावर दाखवणारे यंत्र), उंच खुर्ची, गळाच्या काठ्या उभ्या ठेवायचे चार रॉड होल्डर, रेल (सामान अडकवायची पट्टी) आणि नांगर बसवायचा आहे. यादीची बेरीज कयाकच्या किमतीच्या ९० टक्के. निम्मे पैसे बोनसमधून, निम्मे कार्डावर १२ हप्त्यांत. की ही विकून मासेमारीची तयार कयाक घ्यावी?

विकू नका, हप्तेही करू नका. वापरलेली घेतल्यामुळे किमतीची पहिली मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसली. नवी घेतलीत तर ती तुमच्या माथी येईल. आणि ‘बिनव्याजी’ हप्त्यात प्रक्रिया शुल्क बहुधा असतेच. बोनसमध्ये मावेल तेवढेच करा.

काय मावेल हे ठरवायला आधी वजन पाहू, कारण तिथेच अर्धी यादी गळते. तुमच्या कयाकची क्षमता १४० किलो. मासेमारीसाठी साधारण ७० टक्के धरावी, म्हणजे ९८. तुमचे वजन ८२. उरले १६ किलो. त्यात फाइंडरची लेड-ॲसिड बॅटरी अडीच, खुर्ची चार, सामानाने भरलेला क्रेट सहा, नांगर आणि दोरी दोन. झाले साडेचौदा. पाणी, बर्फ आणि मासे कशात बसवणार? खुर्ची खोडा. तसेही बैठक उंच झाली की अरुंद कयाक जास्त डोलते.

यादीत लाइफ जॅकेट दिसले नाही. नसेल तर पहिला खर्च तोच, आणि त्यात काटकसर नाही.

यापुढचा माझा निकष साधा आहे: कयाक विकताना जी वस्तू काढून घेता येते तिच्यावर पैसे घाला. भोकांचे पैसे पुढचा गिऱ्हाईक देत नाही, उलट कापतो. म्हणून रेल नको आणि पक्के होल्डरही नकोत. प्लास्टिकचा क्रेट घ्या. ४० मिमीच्या पीव्हीसी पाइपचे ३० सेंमीचे चार तुकडे आतून कोपऱ्यांत उभे करा, प्रत्येकाला वर-खाली दोन झिप टाय. वरच्या कडेला रीलचा दांडा बसेल एवढी खाच कापा, नाहीतर रॉड फिरत राहतो. क्रेट मागच्या खोलगट जागेत लवचीक दोरीने आवळायचा. हा सगळ्यात स्वस्त बदल, आणि सगळ्यात उपयोगी.

नांगराची दोरी पुढे-मागे सरकवायला दोन कप्प्या, एक कडी आणि सहा-सात मीटर दोरी लागते. कप्प्या दोन्ही टोकांच्या हँडलना बांधल्या की नवे भोक पडत नाही. दीड किलोचा घडीचा नांगर शांत पाण्यात पुरतो. प्रवाहात मात्र दोरी बाजूला अडकवून ठेवू नका, कयाक उलटते. कडी टोकापर्यंत ओढा आणि सुरी हाताशी ठेवा.

भोक पाडावेच लागले तर पॉलिथिलीनवर, म्हणजे कयाकच्या प्लास्टिकवर, गोंदाचा भरवसा धरू नका. महागडा इपॉक्सीही सुटून येतो. आतून हात पोहोचत असेल तिथे स्टेनलेस बोल्ट, रुंद वॉशर आणि लॉकनट. पोहोचत नसेल तिथे तीन पाकळ्यांचे रिव्हेट. साधे पॉप रिव्हेट मऊ प्लास्टिकमधून उपटून येते.

फिश फाइंडर या हंगामात नको. बोनसचे १०० भाग केले तर जॅकेट आणि शिट्टी ३५, नांगराची व्यवस्था १५, क्रेट आणि पाइप १०, वल्हे आणि रॉड बांधायच्या दोऱ्या ५. उरलेले ३५ बाजूला ठेवा. पुढच्या वर्षी वापरलेला फाइंडर त्यात बसतो का पाहा. तो ०.५ अँपिअर घेत असेल तर १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी निम्मीच वापरूनही सात तास देते. त्याहून खोल रिकामी करत राहिलात तर लेड-ॲसिड लवकर मरते आणि स्वस्ताई तिथेच संपते. धन टोकाजवळ फ्यूज हवाच. ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडणारा फाइंडरचा भाग, आतून तळाला चिकटवता येतो, पण मध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर पडद्यावर काही दिसत नाही, म्हणून आधी आत थोडे पाणी ओतून त्यात तो टेकवून बघा. खोली नीट दिसली तरच सिलिकॉन लावा.