वाचकांचे प्रश्न : रडारच्या घुमटावर पडणारा पाऊस

प्रश्न : हवामानाचे रडार जिथे उभे असते तिथेच मुसळधार पाऊस सुरू झाला, तर त्याने मोजलेला पाऊस प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो, असे वाचनात आले. अँटेनावर पाणी पडू नये म्हणूनच तर घुमट बसवलेला असतो. मग असे का व्हावे?

उत्तर : घुमट अँटेनाला वारा आणि पाणी यांपासून वाचवतो हे खरे, पण रडारच्या लहरींना त्यातूनच बाहेर जावे लागते आणि ढगातल्या थेंबांवरून परतताना पुन्हा त्यातूनच आत यावे लागते. कोरडा घुमट या लहरींना जवळजवळ अडवत नाही. ओला झाला की मात्र त्यावरच्या पाण्याच्या पातळ थरातून काही ऊर्जा परावर्तित होते, काही शोषली जाते, आणि ही घट जाताना एकदा व येताना एकदा, अशी दोनदा सोसावी लागते.

घट किती, हे तरंगलांबीवर फार अवलंबून असते. ०.१ मिलिमीटर जाडीच्या अखंड थराचा हिशेब मांडला, तर १० सेंटिमीटरच्या एस-बँड रडारला येता-जाता मिळून सुमारे १ डेसिबल, ५ सेंटिमीटरच्या सी-बँडला सुमारे ३, आणि ३ सेंटिमीटरच्या एक्स-बँडला ७ डेसिबलच्या आसपास घट सोसावी लागते. ३ डेसिबल म्हणजे परत आलेली शक्ती निम्मी. परावर्तनावरून पाऊस काढण्याचे रूढ मार्शल-पामर सूत्र लावले, तर तेवढ्या घटीमुळे ताशी ४० मिलिमीटरचा पाऊस ताशी २६ मिलिमीटर दिसेल. ७ डेसिबल घट झाली तर जेमतेम १५. मुंबईत कुलाब्याचे रडार एस-बँडचे आणि वेरावलीचे सी-बँडचे आहे. म्हणून एकाच सरीत भिजूनही दोघांचे नुकसान सारखे नसते.

वाटेतल्या पावसामुळे होणारी घट याहून वेगळी असते. ती अंतराबरोबर वाढत जाते, तर ओल्या घुमटामुळे त्या दिशेतली जवळची आणि दूरची सगळी मोजमापे एकदम सारख्याच प्रमाणात खाली येतात. त्यामुळे सर रडारवरून जात असताना पन्नास-शंभर किलोमीटरवरचा, अजिबात न ओसरलेला पाऊसही कमी झाल्यासारखा दिसतो, आणि हाच परिणाम मला सर्वांत धोक्याचा वाटतो. शिवाय सगळा घुमट सारखा भिजत नाही. वाऱ्याच्या समोरची बाजू अधिक भिजते, आणि कोकण किनाऱ्यावर पावसाळी वारे पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतात; म्हणजे पुढची सर ज्या समुद्राकडून यायची, नेमके त्याच दिशेचे मोजमाप अधिक बिघडण्याची शक्यता असते.

यावर पहिला उपाय म्हणून घुमटाला पाणी न धरणारा लेप देतात. त्यामुळे अखंड थर न बनता पाण्याचे थेंब होतात आणि ते ओघळून जातात; त्यातून घट बरीच कमी होते. ऊन, धूळ आणि खारी हवा यांनी लेप झिजतो, म्हणून त्याची वेळोवेळी तपासणी आणि नूतनीकरण हे रडारच्या अचूकतेचेच काम समजले पाहिजे, निव्वळ रंगरंगोटीचे नव्हे. ओघळांचाही एक त्रास उरतो : ते उभे वाहत असल्याने उभ्या ध्रुवणाची, म्हणजे उभ्या दिशेत कंप पावणारी, लहर आडवीपेक्षा जास्त क्षीण होते, आणि दोन्ही ध्रुवणांची तुलना करणाऱ्या रडारला थेंब प्रत्यक्षापेक्षा चपटे, म्हणजेच मोठे (पडताना मोठा थेंब अधिक चपटा होतो), असल्याचा भास होतो.

दुसरा मार्ग गणिताचा आहे. रडारशेजारच्या पर्जन्यमापकावरून घुमटावर किती पाऊस पडत आहे हे कळते आणि त्यानुसार मोजमापात दुरुस्ती करता येते. परंतु वारा आणि लेपाची अवस्था बदलली की तीच दुरुस्ती अपुरी किंवा अतिरिक्त ठरते. याहून भरवशाचा आधार दोन ध्रुवणांच्या लहरींमधल्या कलांतराचा आहे. पावसातून जाताना आडवी लहर उभीपेक्षा मागे पडते, आणि हे मागे पडणे अंतरानुसार किती वाढते यावरून पाऊस काढला, तर परत आलेली शक्ती घुमटाने किती घटवली याचा त्या आकड्याशी संबंधच राहत नाही. हलक्या पावसात हे कलांतर इतके थोडे असते की गोंगाटात हरवते. जोराच्या पावसात, म्हणजे जेव्हा घुमट सर्वाधिक ओला असतो तेव्हा, ते स्पष्ट मोजता येते.