चालताना बरं, तिसऱ्या दिवशी अंथरूण

दादा, तुम्ही लिहिलंय की वहिनींना दीड वर्षापूर्वी कोविड झाला, रक्ताचे रिपोर्ट सगळे नॉर्मल, डॉक्टर म्हणाले रोज चाला. किनाऱ्यावर अर्धा तास चालतात तेव्हा ठीक असतात आणि तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. घरात याला आळस म्हणतात. हा आळस नाही. गुहागरजवळच्या गावात पाच वर्षं मी हेच सोसतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

तो मधला उशीर, तीच लाँग कोविडच्या (कोविडनंतर लांबलेल्या आजाराच्या) बऱ्याच रुग्णांतली आणि एमई/सीएफएस या दीर्घ थकव्याच्या आजाराची खूण. टायफॉइडनंतर माझी आई पाखाडी चढताना धापा टाकायची, पण रात्री झोपली की सकाळी ताजी, आणि रोज चार पायऱ्या जास्त चढत महिन्याभरात पूर्ववत झाली. वहिनींचं तसं नाही. श्रम झाल्यावर 12 ते 48 तासांनी, कधी त्याहून उशिरा, सगळं अंग गळतं, घसा दुखतो, शब्द आठवत नाहीत, उजेड सोसत नाही. याला पोस्ट-एक्झर्शनल मलेज म्हणतात. चाललं तेव्हा त्रास झाला नाही, म्हणून चालण्याशी संबंध आहे हे घरच्यांना पटतच नाही. मलाही वर्षभर पटलं नव्हतं.

असं का होतं? लागोपाठ दोन दिवस सायकलवर बसवून श्वास मोजण्याची एक चाचणी आहे. निरोगी माणूस, अगदी व्यायामाची सवय नसलेलासुद्धा, दुसऱ्या दिवशी जवळपास तेवढंच करतो. या रुग्णांत मात्र दुसऱ्या दिवशी स्नायू ऑक्सिजनवर काम करायची मर्यादा बऱ्याचदा लवकर ओलांडतात. 2024 साली नेदरलँड्सच्या संशोधकांनी लाँग कोविडच्या रुग्णांच्या मांडीतल्या स्नायूचे तुकडे व्यायामाआधी आणि नंतर तपासले. पेशीत ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया व्यायामानंतर आणखी मंदावली होती आणि स्नायूला इजा झालेली दिसत होती. नुसती सवय मोडली असती तर असं दिसलं नसतं.

शिवाय पुष्कळांना उभं राहणंच झेपत नाही. रक्त पायांत साचतं, हृदयाकडे कमी परततं, नाडी धावते. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उकाड्यात हे फार जाणवतं. वहिनींना दहा मिनिटं आडवं ठेवून नाडी मोजा, मग दहा मिनिटं भिंतीजवळ उभं करून. भोवळ आली तर लगेच बसवा. 30 किंवा जास्त ठोके वाढले, तर ते आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा.

आणि श्रम म्हणजे फक्त चालणं नव्हे. मी एकदा बसल्या जागी दुपारभर रातांबे फोडले, शेजारणींशी गप्पा मारत. पुढचे सहा दिवस पडून होते. गप्पासुद्धा श्रमच होत्या.

ब्रिटनमध्ये उपचारांचे निर्देश ठरवणाऱ्या नाइस संस्थेने 2021 मध्ये एमई/सीएफएससाठी ठरावीक प्रमाणात व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला मागे घेतला. तुमच्या डॉक्टरांना हे जरूर सांगा. मात्र विषाणूच्या तापानंतर थकलेल्या प्रत्येकाला हा उशिराचा त्रास होत नाही. ज्यांना होत नाही त्यांना चालणं उपयोगी पडू शकतं.

मला उपयोग झाला तो पेसिंगचा, म्हणजे थकण्याआधी थांबण्याचा. वहीत रोजचं काम आणि त्यानंतरचे तीन दिवस लिहायचे. नारळ खवायचा असेल तर अर्धी वाटी झाली की आडवं व्हायचं, दम असला तरी. बरेच रुग्ण नाडी विश्रांतीच्या ठोक्यांपेक्षा 15 हून वर जाऊ देत नाहीत, मीही तेच करते. सगळ्यात कठीण असतो तो बरा दिवस. त्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकावीशी वाटतात, आणि तिथेच घात होतो. आजार गेला नाही माझा, पण महिन्यातले अंथरुणातले दिवस खूप कमी झाले.

गणपती तोंडावर आलेत. मुंबईची मंडळी येतील, घर भरेल. मोदक वळायला दुसरं कोणी बसू दे, वहिनींना दुपारी दार लावून झोपू द्या. आरतीला उभं ठेवू नका. माजघरात खुर्ची टाका आणि पाहुण्यांना कारण तुम्हीच सांगा, त्यांना सांगायला लावू नका.