ग्राहक एकच, आकडे तीन: टेलिकॉमच्या डेटाविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न: ग्राहकसंख्या मार्केटिंगकडे एक, नेटवर्क विभागाकडे दुसरी, फायनान्सकडे तिसरी. सगळा डेटा पॉवर बीआय या डॅशबोर्ड बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आणला की आकडा एकच येईल ना?

उत्तर: नाही. तीन आकडे एकाच स्क्रीनवर दिसतील, एवढंच. एचएलआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या ग्राहकांच्या मुख्य नोंदवहीत, नोंदलेली सगळी सिम मोजली की एक संख्या येते. त्यातली नेटवर्कवर खरोखर चालू असलेली, म्हणजे व्हीएलआर या तात्पुरत्या नोंदवहीतली, मोजली की दुसरी. ज्यांनी गेल्या महिन्यात पैसे भरले तेवढेच फायनान्सने धरले की तिसरी. यातलं कुणीच चूक नाही. दूरसंचार नियामक ट्रायसुद्धा मासिक अहवालात एकूण आणि सक्रिय असे दोन्ही आकडे देतं. म्हणून डॅशबोर्डवर नुसतं ‘ग्राहक’ असं लेबल ठेवूच नका. नोंदणीकृत, सक्रिय, पैसे भरणारे अशी तीन मापं ठरवा, व्याख्या लेखी करा आणि कुठल्या मापाला कुठला विभाग जबाबदार हेही लिहा. त्या बैठकीत वादावादी होणारच. सॉफ्टवेअरचं लायसन्स विकत घेण्याआधी ती उरकलेली बरी.

प्रश्न: बिलिंग, सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी ठेवणारी यंत्रणा) आणि कॉल सेंटरचा डेटा आम्ही मोबाइल नंबरवरून जोडतो. काही धोका?

उत्तर: मोठा आहे. बंद झालेला नंबर निदान ९० दिवस कुणाला दिला जात नाही, पण पुढे तो दुसऱ्याला मिळतो. तुमच्या जोडणीत मग नव्या माणसाच्या नावावर जुन्याच्या तक्रारी आणि थकबाकी चिकटते. ग्राहक पोर्ट करून, म्हणजे नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीकडे, गेला आणि वर्षभराने तोच नंबर घेऊन परतला, तर मधली पोकळी दिसतच नाही. शिवाय बापाच्या नावावर घरातली चार सिम, हे आपल्याकडे सर्रास. तेव्हा नंबर, ग्राहक आणि बिलाचं खातं यांना वेगवेगळे आयडी द्या. नंबर कोणाकडे कधीपासून कधीपर्यंत होता, याचं स्वतंत्र टेबल ठेवा आणि तारीख पाहूनच जोडणी करा.

जाता जाता: नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून सर्कल (टेलिकॉम सेवेचा प्रदेश) ओळखण्याची सवयही सोडा. जुलै २०१५ पासून देशभर पोर्टिंग खुलं झालंय. पुण्यात घेतलेला नंबर आज कर्नाटक सर्कलमध्ये असू शकतो. आणि राज्याचा नकाशा म्हणजे सर्कल नव्हे. मुंबईचं सर्कल वेगळं, तर गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये. नकाशावर रंग भरताना हे हमखास चुकतं.

प्रश्न: डॅशबोर्डवरचा रोजचा महसूल फायनान्सच्या हिशेबाशी कधीच जुळत नाही. का?

उत्तर: बहुतेक वेळा रिचार्जलाच महसूल धरलेलं असतं. समजा, २८ दिवसांचा २९९ रुपयांचा प्रीपेड पॅक विकला. त्यातून १८ टक्के जीएसटी वजा केला की उरतात सुमारे २५३ रुपये. फायनान्स ते २८ दिवसांवर वाटतं, म्हणजे दिवसाला साधारण नऊ रुपये. तुमचा डॅशबोर्ड पहिल्याच दिवशी २९९ दाखवून मोकळा होतो. दोन्ही आकडे ठेवा, पण एकाला ‘रिचार्ज विक्री’ म्हणा. त्यानंतर वेळ तपासा. एखादी यंत्रणा यूटीसीत (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) नोंद करत असेल, तर पहाटे साडेपाचपर्यंतचे व्यवहार आदल्या दिवसात जातात. रोमिंगच्या, म्हणजे इतर कंपन्यांच्या नेटवर्कवरच्या वापराच्या, फाइलीही उशिरा येतात, त्यामुळे मागचे काही दिवस रोज पुन्हा मोजावे लागतात.

प्रश्न: डॅशबोर्डसाठी टॅब्लो घ्यावं की सुपरसेट?

उत्तर: तुमच्या माणसांना जे येतं ते. सुपरसेटला लायसन्स फी नाही, पण ते चालवायला इंजिनिअर लागतो. कुठलंही घेतलंत तरी कच्चे सीडीआर (प्रत्येक कॉलची नोंद) थेट त्यात ओतू नका. आधी वेअरहाउसमध्ये (सगळा डेटा एकत्र साठवण्याच्या जागी) तास आणि टॉवरनिहाय बेरजा करा.

प्रश्न: विभागप्रमुखांना प्रत्येक ग्राहकाचे कॉल डॅशबोर्डवर हवे आहेत. द्यावेत का?

उत्तर: देऊ नका. कोण कुणाशी कधी बोललं, हे विक्रीच्या बैठकीत कशाला लागतं? बेरजा दाखवा, नंबर झाका. एखाद्या तक्रारीसाठी तपशील लागलाच, तर तो परवानगीने, वेगळ्या यंत्रणेतून आणि कोणी पाहिला याची नोंद ठेवून.