तीस लिटरची रेघ

ऐरोलीच्या एका वाचकांची पेट्रोल थार आहे, 2021 ची, एमएच 43 पासिंगची. सप्टेंबरात मित्रांबरोबर मनालीहून लेहला जायचं ठरलंय. त्यासाठी त्यांनी कळंबोलीच्या एका दुकानात मागचा लोखंडी बंपर पसंत केला. त्याला स्टेपनीसाठी बाहेर उघडणारा हात आणि वीस-वीस लिटरच्या दोन कॅनचं स्टँड आहे. दुकानदार म्हणाला ‘आरटीओ पास आहे’, आणि यांनी दहा हजार आगाऊ दिले. कॅन आधीच मिळाले होते. ते गळतात का बघावं म्हणून यांनी दोन्ही पेट्रोलने भरून सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये गाडीमागे ठेवले. चौथ्या दिवशी सेक्रेटरींची नोटीस आली: कॅन हटवा, नाहीतर पोलिसात जाऊ. ते विचारतात, ‘माझ्याच गाडीचं पेट्रोल माझ्याच पार्किंगमध्ये ठेवायला कोणाची परवानगी लागते? बंपर बेकायदा आहे का? उद्या विमा अडेल का?’

साहेब, बंपरचं नंतर बघू. आधी खाली जा आणि ते चाळीस लिटर कमी करा. टाकीत जागा असेल तर इंजिन बंद करून, उघड्यावर, टाकीत ओता.

पेट्रोलियम कायदा 1934 चा आहे, पण तुमचा प्रश्न त्यात जवळजवळ जसाच्या तसा सापडतो. कलम 8 म्हणतं की विक्रीसाठी नसलेलं 30 लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना ठेवता येतं. भांडं घट्ट बुचाचं हवं, आणि धातूचं असेल तर 25 लिटरपेक्षा मोठं नको. तुमच्यासारख्या गाडीमालकाला कलम 9 जास्त सवलत देतं: गाडीच्या टाकीतलं सोडून, त्याच गाडीला चालवण्यासाठी 100 लिटरपर्यंत. इथवर वाचून लोक खूश होतात आणि पान मिटतात. पण पुढचीच ओळ सांगते की हा साठा 30 लिटरच्या वर गेला, तर तो स्वतंत्र इमारतीत हवा, जिचा माणसं राहतात किंवा काम करतात अशा खोलीशी संबंध नसेल. तुमच्या स्टिल्टवर माणसांचे मजले उभे आहेत. म्हणजे एक भरलेला कॅन रेघेच्या आत, दुसरा भरलात की बाहेर. गाड्या कितीही असल्या तरी 100 लिटरची मर्यादा एकच, हेही त्याच कलमात आहे.

कॅन कशाचे आहेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. हल्ली रंगीत, चपटे प्लास्टिकचे कॅन फार चालतात. दिसतात झकास, पण कलमात काच, चिनी माती आणि धातू एवढीच नावं आहेत, आणि पहिल्या दोन्हींना एका लिटरची मर्यादा. प्लास्टिकचे असतील तर परत करा. आणि धातूचा असला तरी काठोकाठ भरू नका, उन्हात पेट्रोल फुगतं.

सोसायटीबद्दल सांगायचं तर, ज्या मालासाठी कायद्याने परवानगी लागते असा ज्वालाग्राही माल साठवायला आदर्श उपविधींत मनाई आहे, म्हणून नोटीस खोटी नाही. वर भारतीय न्याय संहितेचं कलम 287 आहे: ज्वलनशील पदार्थाबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इथे सेक्रेटरींशी भांडू नका, तुमची बाजू कच्ची आहे.

आता बंपर. ‘आरटीओ पास’ असं काही नसतं. आरटीओ गाडी पास करतं, दुकानातला बंपर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीतले तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये के. जयचंद्र प्रकरणात हेच कडक शब्दांत सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम 182ए दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही सांगतं. तुमच्या बाजूने एकच मुद्दा आहे: कलम 52 च्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे गाडीचं मूळ वैशिष्ट्य पालटणारा रचनेतला बदल. बोल्टने बसवलेल्या बंपरबद्दल हा युक्तिवाद करता येतो. पण तो करायचा दंड झाल्यावर, न्यायालयात. नाक्यावरच्या हवालदारापुढे नाही.

आणि तुमच्या बंपरने नेमकं काय पालटतं ते बघा. आरसीवर गाडीचं रिकामं वजन छापलेलं असतं. लोखंडी बंपर, हात आणि स्टँड ते वाढवतात, भरलेल्या प्रत्येक कॅनमधलं पेट्रोलच वर पंधरा किलो. जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे आहेत, ते मूळ बंपरमध्ये बसलेले. नवीन बंपरमध्ये ते न बसवता वायर टेपने गुंडाळून ठेवली असेल, तर माझ्याकडे बचाव उरत नाही. नंबर प्लेटचं स्नॅप लॉक एकदा काढलं की मोडतं, त्यामुळे जागा बदलताना प्लेट अधिकृत केंद्रातूनच पुन्हा बसवावी लागेल. कॅन प्लेटपुढे किंवा ब्रेकलाइटपुढे आला तर वेगळं चलन. एकदा दुकानात गाडीमागे दहा पावलांवर उभे राहून बघा.

माझा सल्ला विचाराल तर उत्पादकाने स्वतः दिलेली, डीलरच्या बिलावर बसवलेली अॅक्सेसरी घ्या, किंवा मूळ बंपर राहू द्या. जादा टाकी गाडीखाली बसवायचा विचार तर सोडाच. मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पंपाजवळची ‘पुढचा पंप 365 किलोमीटरवर’ ही पाटी बघून सगळे घाबरतात. थारची टाकी 57 लिटरची आहे, लिटरला नऊ धरले तरी पाचशे किलोमीटर निघतात. घाटात कमी पडेल म्हणून धातूचा एकच कॅन रिकामा न्या आणि तांदीलाच भरा.

विम्याचं थोडक्यात. बंपर बदलला एवढ्यावरून समोरच्या अपघातग्रस्ताची भरपाई कंपनीला सहसा टाळता येत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम 150 मध्ये बचाव मोजकेच आहेत. अडतं ते तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. म्हणून जे बसवाल ते बिलासह लेखी कळवा आणि जादा हप्ता भरा. न कळवता क्लेम फेटाळला, तर अमलेंदू साहू प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल दाखवून अंशतः, 75 टक्क्यांपर्यंत, मागता येतं. पण आधीच कळवणं स्वस्त पडतं.

दहा हजारांसाठी दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर विचारा: ‘आरटीओ पासचा कागद पाठवा.’ तो देणार नाही. मग खोट्या दाव्यावर माल विकला म्हणून लेखी परतावा मागा. नाही मिळाला तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

आणि सेक्रेटरींना एवढंच लिहा: ‘दोन्ही कॅन आज रिकामे केले, यापुढे इमारतीत भरलेले ठेवणार नाही.’ खाली तारीख, सही, आणि पोच घ्यायला विसरू नका.