कोडिंग येत नाही म्हणून सायबर कायदा सोडायचा का?

"मॅडम, मला कोडिंग येत नाही. सायबर लॉमध्ये माझा निभाव लागेल का?"

कायदा शिकणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न मला सतत येतो. बारावीला कला किंवा वाणिज्य घेतलेली, मराठी माध्यमातून आलेली मुलं तो जास्त विचारतात आणि विचारताना आवाज जरा खाली घेतात. निभाव लागेल, एवढं सांगून भीती जात नाही. म्हणून एका मुलीबरोबर काही महिने जे काम केलं, ते इथे सविस्तर लिहिते. तिला ऋतुजा म्हणू. घरच्यांची परवानगी आहे, आणि नाव व ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गाव मात्र जालनाच ठेवलं आहे, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

ऋतुजा छत्रपती संभाजीनगरला पाच वर्षांच्या बीए एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला होती. वडिलांची जालन्याच्या मोंढ्यात आडत. दोघं एकत्र आले, पण काळज्या वेगवेगळ्या घेऊन. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आतेभावानं तिला सांगितलं होतं की त्या क्षेत्रात इंजिनिअरच चालतात, बीएवाल्यांना कोणी विचारत नाही. त्यावर उपाय म्हणून तिनं एथिकल हॅकिंगचा एक महागडा कोर्स शोधून ठेवला होता. वडिलांच्या मनात वेगळंच होतं. पोरीनं जेएमएफसीची (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी व कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदाची) परीक्षा द्यावी, न्यायाधीश व्हावं. "कोर्टात ज्युनिअर म्हणून वर्षानुवर्षं राबायचं, त्यात हे सायबर. उद्या ही लाट ओसरली तर हिनं काय करायचं, मॅडम?"

मी आधी ऋतुजाला विचारलं, हा विषय डोक्यात आला कुठून? हॉस्टेलमधल्या मैत्रिणीच्या नावानं कोणीतरी इन्स्टाग्रामवर खोटं खातं उघडलं होतं आणि तक्रार द्यायला ही तिच्यासोबत पोलीस ठाण्यात गेली होती. कुठलं कलम लागतं, स्क्रीनशॉटची प्रिंट पुरते का, खातं बंद करायला कोणी सांगायचं, यातलं तिला काहीच सांगता आलं नाही, आणि ते तिला लागलं. हे ऐकून माझा निम्मा प्रश्न सुटला. करिअरचे व्हिडिओ पाहून आलेली आवड आणि मैत्रिणीसाठी काही करता आलं नाही या खंतीतून आलेली आवड, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी टिकते, असं माझं मत आहे.

पुढचा प्रश्न: या विषयावरचा एखादा निकाल मुळातून वाचला आहेस का? नव्हता वाचला. वेबिनार मात्र पुष्कळ ऐकले होते. इथेच बहुतेकांचं अडतं. मूळ कागद हातात घेतलेला नसतो, त्यामुळे विषय खरा आहे त्यापेक्षा कितीतरी अवघड वाटत राहतो.

म्हणून तिला पहिलं काम दिलं ते तिच्याच गावच्या खटल्याचं: अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल. इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दल देशभरातल्या न्यायालयांत हा निकाल उद्धृत होतो आणि तो उगवला आहे जालन्याच्या निवडणुकीतून. २०१४ च्या विधानसभेला खोतकर २९६ मतांनी जिंकले. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतले गेले, असा हरलेल्या गोरंट्याल यांचा आक्षेप होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण हा त्याचा पुरावा. पण त्या सीडींसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं, म्हणजे ती नोंद कुठल्या उपकरणातून कशी निघाली हे सांगणारं, प्रमाणपत्र नव्हतं. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नव्हतं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलं नसेल, तर हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे. मात्र पक्षकारानं ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळं केलं आणि तरीही समोरच्यानं दिलं नाही, तर अशक्य गोष्ट कर म्हणून कायदा त्याला अडवणार नाही.

ऋतुजाला तो निकाल वाचायला दोन आठवडे लागले. इंग्रजी जड गेलं, हे तिनं मोकळेपणानं सांगितलं. पण येऊन बोलायला लागली तेव्हा तिनं एकही तांत्रिक शंका विचारली नाही. तिचे प्रश्न होते: प्रमाणपत्र कोणी द्यायचं, मागणी लेखी केली होती का, मूळ कॅमेरा हजर केला असता तर काय झालं असतं? हे सगळे वकिलाचे प्रश्न होते. मी तिला ते कागदावर लिहायला लावले आणि विचारलं, यातल्या कुठल्या प्रश्नाला कोडिंग लागतं?

तंत्रज्ञान लागतच नाही, असं मी तिला सांगितलं नाही. लागतं, पण किती आणि कुठलं हे ठरवता येतं. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि ६५-ब ची जागा कलम ६३ नं घेतली. नव्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक पक्षकारानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश हा शब्द ऐकूनच ऋतुजा बिचकली होती. मग तिच्याच लॅपटॉपवर एक साधी फाइल घेतली आणि विंडोजमध्ये आधीपासून असलेल्या आज्ञेनं तिची एसएचए-२५६ हॅश काढली. चौसष्ट अक्षरांची एक ओळ आली. फाइलमधला एक स्वल्पविराम काढून पुन्हा हॅश काढली, तर ओळ पार बदललेली. जप्त मुद्देमालावरच्या लाखेच्या सीलचं जे काम, तेच हिचं: मध्ये कोणी हात लावला का, ते कळतं. ती ओळ ज्या गणितानं निघते ते वकिलाला येण्याची गरज नाही. जप्तीच्या पंचनाम्यातली हॅश आणि न्यायालयात आलेल्या फाइलची हॅश जुळते का, हे विचारायचं सुचलं पाहिजे.

आता वडिलांच्या शंकेकडे येते. ती रास्त होती, आणि लाट वगैरे शब्द मला खोडायचे नव्हते. मी त्यांना तारखा सांगितल्या. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतल्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हायच्या आहेत. सुरक्षेची पुरेशी काळजी घेतली नाही, तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्याची खबर सहा तासांत द्यावी लागते. दवाखाने, बँका, विमा कंपन्या, महाविद्यालयं, सगळ्यांनाच हे समजावून सांगणारं आणि कागदावर आणून देणारं माणूस लागणार आहे.

वडील ऐकत होते, पण चेहरा कोरा. हे सगळं मुंबई-पुण्याचं, असं त्यांना वाटत असावं. म्हणून ऋतुजाला दुसरं काम दिलं ते त्यांच्या दुकानातलं. शेतकऱ्याचं आधार कार्ड, बँक पासबुक, मोबाइल नंबर दुकानात येतो कसा आणि तिथून पुढे कुठे कुठे जातो, याचा नकाशा काढ. चार दिवस ती गादीवर बसली. आधारचा फोटो शेतकरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, तो वडिलांच्या फोनच्या गॅलरीत राहतो, मुनिमाकडे फॉरवर्ड होतो, दुकानाच्या ग्रुपवर पडतो, हिशेबाच्या कॉम्प्युटरवर उतरतो, तिथून सीएच्या ऑफिसला मेलनं जातो. मुनिमानं जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला होता, तेव्हा त्यातलं काही पुसलं होतं की नाही, त्यालाही आठवेना. नव्या कायद्यानुसार ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं आणि दुसऱ्या कायद्यानं ती ठेवायला सांगितलेली नसेल, तर ती पुसून टाकायची असते. नकाशा पाहून वडीलच म्हणाले, "हे एवढं आपण ठेवतो तरी कशाला?"

मोठ्या कंपनीत डेटा प्रायव्हसीचं काम करणारे वकील सुरुवातीला हेच करतात. त्याला डेटा मॅपिंग म्हणतात. फरक फक्त आकाराचा.

त्याच कायद्यात एक तरतूद आहे, जी मराठी माध्यमातल्या मुलांना मी आवर्जून दाखवते. माहिती घेताना जी सूचना द्यायची, ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय माणसाला द्यावी लागते. त्या बावीस भाषांत मराठी आहे. भोकरदनच्या शेतकऱ्याला कळेल अशी सूचना लिही, असं मी ऋतुजाला सांगितलं. पहिला मसुदा सरकारी परिपत्रकासारखा झाला. तिसऱ्या खेपेला तिनं लिहिलं: "तुमच्या मालाचे पैसे खात्यावर टाकण्यासाठी आम्ही तुमचा खाते नंबर घेतो. दुसऱ्या कशासाठीही वापरणार नाही. तुम्ही दिलेली परवानगी केव्हाही परत घेऊ शकता." पुढे तक्रार कुठे करायची ते. मला हे वाचून फार आनंद झाला. कायदा नेमका समजलेला आणि मराठी स्वच्छ लिहिणारा माणूस सहज मिळत नाही. सायबर फसवणूक झालेला माणूस ठाण्यात येतो, तोही आपली हकिगत मराठीतच सांगतो. ती ऐकून घेऊन तीतून फिर्याद उभी करणं हे मोठं कौशल्य आहे. म्हणून इंग्रजीची मेहनत टळते असं नाही. उच्च न्यायालयापासून वरचे निकाल आणि कंपन्यांचे करार इंग्रजीत असतात. ऋतुजा आता आठवड्याला एक निकाल वाचते आणि त्याचा सारांश इंग्रजीत लिहिते.

हॅकिंगचा कोर्स आम्ही बाजूला ठेवला. खासगीपणाच्या क्षेत्रात मान असलेली प्रमाणपत्रं आहेत, आयएपीपी या आंतरराष्ट्रीय संघटनेची आणि आपल्याकडे डीएससीआयची (डेटा सिक्युरिटी कौन्सिल ऑफ इंडिया). पण ती पदवीच्या तोंडावर किंवा नंतर, कामाची दिशा ठरल्यावर घ्यावीत. तिसऱ्या वर्षी त्या पैशांत मुंबई-पुण्यात राहून एखादी चांगली इंटर्नशिप होते.

राहिली न्यायाधीश होण्याची गोष्ट. इथे बाप-लेकीत भांडण आहे असं दोघांनाही वाटत होतं, आणि नियम पाहिल्यावर ते विरघळलं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. म्हणजे ऋतुजाला जेएमएफसी व्हायचं असो वा सायबर वकील, पहिली तीन वर्षं कोर्टात घालवणं दोन्हीकडे उपयोगी. उलट पदवीनंतर लगेच कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी धरली, तर बार कौन्सिलच्या नियमानुसार वकिलीची सनद स्थगित ठेवावी लागते आणि न्यायाधीशपदाची वाट तेवढी लांबते. नोकरीची दारं तीन वर्षांनीही उघडी असतात, आणि पुरावा उभा केलेला वकील कंपन्यांनाही हवा असतो. पैशांबद्दल मी काही झाकलं नाही. ज्युनिअरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये तरी द्यावेत, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियानं २०२४ मध्ये केली. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. पहिली दोन-तीन वर्षं घरचा आधार लागेल, हे मी वडिलांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

सध्या वाद उरला आहे तो ही तीन वर्षं कुठे काढायची याचा. वडिलांना जालना हवं आहे, ऋतुजाला मुंबई. माझा कौल संभाजीनगरला आहे: खंडपीठ तिथे, घर जवळ, आणि पहिल्या वर्षांचा खर्चही झेपेल असा. पण शहरापेक्षा ऑफिस कुठलं मिळतं हे महत्त्वाचं. पुढच्या सुट्टीत ती तीन-चार वकिलांना भेटणार आहे. प्रत्येकाला विचारायला तिला मी एकच प्रश्न दिला आहे: तुमच्याकडे कलम ६३ च्या प्रमाणपत्राचा मसुदा कोण करतं? ज्युनिअर करतो, असं उत्तर येईल त्या ऑफिसात पगार थोडा कमी असला तरी जायचं.