पाटणादेवीच्या जंगलात मोठा गट नेताना

ताई, जळगावहून पंचवीस जणांचा गट, त्यात दहा वर्षांच्या मुलांपासून साठीच्या आजी-आजोबांपर्यंत सर्व वयांची माणसे, श्रावणातल्या एखाद्या रविवारी चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला नेऊन त्याच दिवशी केदारकुंड व धवलतीर्थ हे धबधबे, कन्हेरगड किल्ला आणि पितळखोऱ्याची लेणी एवढे सगळे पाहून होईल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते होणार नाही, आणि कसेबसे झालेच तर गटातील निम्म्या माणसांना त्या दिवसाचा नुसता थकवा आठवेल. देवीचे मंदिर, महादेवाचे प्राचीन मंदिर आणि दोनपैकी एक धबधबा एवढ्यावर दिवस भरतो. कोणता धबधबा, हे मात्र घरून ठरवून निघू नये. ते ओढ्यातील पाणी पाहून तिथेच ठरवावे.

असे म्हणण्याचे कारण त्या जागेच्या रचनेत आहे. पाटणादेवी अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी आहे. वरचा सपाट प्रदेश कन्नड तालुक्याचा, म्हणजे मराठवाड्याचा, आणि तिथे पडलेले पाणी बसाल्टच्या उभ्या कड्यांवरून खाली आपल्या बाजूला उतरते. काळ्या कातळात पाणी फारसे मुरत नाही, त्यामुळे वर जोराची सर कोसळली की खाली ओढा थोड्याच वेळात फुगतो, आणि त्या वेळी आपल्या डोक्यावर स्वच्छ ऊन असू शकते. 31 ऑगस्ट 2021 रोजी चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या नद्यांना जो पूर आला, तो आपल्या गटातील अनेकांना आठवत असेल. त्याच पावसाने कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता. एरवी डोंगरी नदी पाहून तिच्यात एवढे बळ असेल असे कोणालाही वाटणार नाही. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी चाळीसगावच्या हवामानाइतकीच कन्नडच्या पावसाचीही चौकशी करावी.

धबधब्याकडे जाताना ओढा ओलांडावा लागतो. मुलांच्या गुडघ्यापर्यंत पाणी असेल तर गटाने पलीकडे जाऊ नये, आणि याला अपवाद करू नये. पाणी अचानक गढूळ होणे, त्यात पालापाचोळा व काटक्या वाहून येऊ लागणे, आवाज वाढणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर छायाचित्रे तशीच सोडून काठावर उंच जागी यावे. आपण पलीकडे असताना पाणी वाढले तर परत येण्याची घाई न करता थांबावे, कारण असे पाणी जितक्या झपाट्याने चढते तितक्याच झपाट्याने बहुधा उतरतेही. शेवाळलेल्या दगडांवर चपला अजिबात चालत नाहीत. धबधब्याखालच्या डोहात कोणालाही उतरू देऊ नये. तरुण मंडळी रुसतील, त्यांना रुसू द्यावे.

श्रावणातील रविवार टाळावा, असेही मी सुचवीन. गर्दी फार असते आणि तिच्यात मोठा गट हमखास विस्कटतो. नवरात्रातही देवीच्या दर्शनाला रीघ लागते. गणपती बसल्यानंतरचा आणि घटस्थापनेपूर्वीचा काळ, तोही शक्यतो आठवड्याच्या मधला दिवस, मला सर्वांत चांगला वाटतो. ओढे वाहते असतात, पण त्यांचा धिंगाणा ओसरलेला असतो. दिवाळीनंतर चालायला अधिक सोपे जाते, परंतु पाणी आटत जाते. होळीच्या सुमारास तर हे सारे रान पानगळीने उघडे पडलेले दिसते.

या रानाविषयी थोडे सांगतो, कारण बहुतेक गट ते न पाहताच धबधब्याकडे धावतात. हा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. 1986 मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर अशा दोन जिल्ह्यांत पसरले आहे. साग, धावडा, सालई, पळस, मोह ही झाडे आपल्याला ओळखीची असतात, पण मुलांना अंजन आवर्जून दाखवावा. त्याच्या पानाला दोनच दले असतात, जोडलेल्या पंखांसारखी, त्यामुळे एकदा पाहिलेले झाड मूल पुन्हा विसरत नाही. ओढ्याच्या काठाला अर्जुन, उंबर आणि करंज भेटतात. बिबट्या या रानात आहे, तो सहसा दिसत नाही. त्यापेक्षा पायाखालच्या फुरशाची, म्हणजे त्या छोट्या विषारी सापाची, काळजी अधिक घ्यावी आणि दगडाच्या कपारीत हात घालू नये. कड्यांना आग्या मोहोळे असतात, म्हणून धूर, फटाके आणि मोठ्या आवाजातील गाणी पूर्ण बंद ठेवावीत.

महादेवाच्या मंदिराला किमान अर्धा तास द्यावा. तेथील शिलालेख शके 1075 चा, म्हणजे इ. स. 1153 चा असून, येथे राज्य करणाऱ्या निकुंभ घराण्याची माहिती त्यातून मिळते. पाटणादेवीच्याच परिसरातील दुसऱ्या एका शिलालेखात थोर गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. आपल्या गटात शिक्षक असतील तर भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथातील एखादे सोपे उदाहरण त्यांनी मुलांना तिथेच घालावे.

बाकी व्यवस्था सरळ आहे. सकाळच्या गाडीने चाळीसगावला उतरून तिथून भाड्याची वाहने करावीत. अंतर अठरा किलोमीटरच्या आसपास आहे. वनविभागाच्या नाक्यावर नोंद करावी आणि सूर्यास्तापूर्वी अभयारण्याबाहेर पडावे. वाट माहीत असलेला एक माणूस सर्वांत पुढे, आणि सर्वांत संथ चालणाऱ्याबरोबर एक समंजस माणूस सर्वांत मागे असावा; दोघांकडे शिट्ट्या द्याव्यात, कारण दरीत मोबाइलचा भरवसा नसतो. प्रत्येक ओढ्यानंतर माणसे मोजावीत. जेवणाला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा पुरेसा होतो, भांडीही लागत नाहीत. ज्येष्ठांपैकी ज्यांना चालवणार नाही त्यांनी देवीच्या आवारात थांबावे, आणि त्यांच्याजवळ एक तरुण माणूस ठेवावा.

कन्हेरगड पाच-सहा तरबेज जणांनी कोरड्या दिवसात स्वतंत्रपणे करावा. पितळखोरा मात्र पाटणादेवीच्या बाजूने चढून जाण्याचा हट्ट या गटाने सोडावा. इसवी सनापूर्वीची ती बौद्ध लेणी घाईने उरकण्याजोगी नाहीत, आणि कन्नडकडून गाडी वरपर्यंत जाऊन पुढे पायऱ्यांनी लेण्यांत उतरता येते. त्यासाठी हिवाळ्यातला एक वेगळा दिवस ठेवावा; आजी-आजोबांपैकी ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनाही मग बरोबर नेता येईल.